सात नंबरची दुसरी उशी

आमच्या गभस्ती लॉजच्या पाटीवर नऊ खोल्या लिहिल्या आहेत. खरं म्हणजे खोल्या चारच. मालकाने मध्ये प्लायवूडच्या भिंती घालून चारांच्या नऊ केल्या. त्यातली सात नंबर सगळ्यांत लहान, जिन्याखालच्या अडगळीत काढलेली. तिचं दार आत उघडतं आणि कॉटला अडतं. म्हणून पाहुण्याने आधी स्वतः शिरून कॉटवर बसायचं, मग बॅग ओढून घ्यायची आणि मग दार लावायचं. खिडकी आहे, पण ती उघडली की शेजाऱ्याची भिंत हाताला लागते. मोबाइलवरच्या फोटोत हीच खोली ऐसपैस दिसते, कारण फोटो काढणारा बाहेर पॅसेजमध्ये उभा होता. लोक तो फोटो बघून येतात, आत डोकावतात, मग माझ्या तोंडाकडे बघतात. मी रजिस्टर पुढे सरकवतो.

मी बिंदुमाधव. बावीस वर्षं या काउंटरमागे बसतोय. घर इथून पाच मिनिटांवर, मंगला गौरीच्या गल्लीत. पणजोबा वेद शिकायला काशीला आले ते परत गेलेच नाहीत. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर हिंदी. माझी मुलगी वैदेही प्रश्न मराठीत विचारते आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत हिंदीत भांडायला लागते. मी विद्वान घराण्यातला मॅट्रिक आहे आणि भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे उगाच कोणाचा गैरसमज व्हायला नको.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण गल्लीतले सगळे पाळतात. गावातल्या माणसाला खोली द्यायची नाही. आधार कार्डावर वाराणसीचा पत्ता दिसला की हात जोडायचे. ज्याचं घर इथेच आहे तो लॉजवर कशाला येईल, काहीतरी भानगड असणार, अशी सगळ्यांची समजूत. चेकिंगला कोणी आलं आणि रजिस्टरात गावातलं नाव दिसलं की उलटतपासणी आमची. पण गावातल्या माणसालाही कधीतरी एका दिवसाची खोली लागतेच की. घरात लग्नाचे पाहुणे भरले, भावाशी वाजलं, परीक्षेच्या अभ्यासाला कोपरा मिळेना. अशा वेळी मी जुन्या पाहुण्यांच्या ओळखपत्रांची फाइल काढतो, वयाला जुळेल अशी एखादी झेरॉक्स शोधतो आणि रजिस्टरात ते नाव लिहितो. कोणाचं काही बिघडत नाही, असं मला वाटायचं.

दहा वर्षं झाली त्याला. माघ महिना होता, दुपारची वेळ. आमच्या मोहल्ल्यातले रिटायर मास्टरजी हातात कापडी थैली घेऊन काउंटरसमोर उभे राहिले. मला त्यांनी गणित शिकवलं होतं, म्हणजे प्रयत्न केला होता.

"बेटा, दो दिन के लिए कोई कमरा दे दो," ते म्हणाले. "घर में बहुत गरम हो गया है सब. ठंडा हो जाएगा तो चला जाऊँगा."

त्यांना काय हात जोडणार? मी फाइल काढली. रत्नाकर वामन टेंभेकर, मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. चार-पाच वर्षांपूर्वी बायकोला घेऊन काशीयात्रेला आला होता आणि सात नंबरमध्येच राहिला होता. वय साधारण जुळत होतं. गाव लांब, माणूस परत यायचा नाही. शिवाय मराठी नाव, लिहायला मला सोपं. झेरॉक्सवर त्याने सही केलेली होती, खाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. मी ती सही बघून रजिस्टरात उतरवली. एका दमात जमली. खरं सांगतो, मला स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

मास्टरजी सात नंबरमध्ये दोन दिवस राहिले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आणखी एक उशी मागितली, सपाट निजलं की छाती भरून यायची त्यांची. जेवायचे नाहीत फारसं. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन पाण्याकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चादरीची घडी घालून, दोन्ही उश्या एकावर एक ठेवून घरी गेले. पुढच्या उन्हाळ्यात वारले. गोष्ट संपली, असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या माघात एक बाई आल्या. एकट्याच. पन्नाशीच्या आतल्या, डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, काखेत पिशवी. माझ्या मागच्या भिंतीवरचं मराठी पंचांग बघून त्यांचा चेहराच उजळला.

"तुम्ही आपल्यातले काय जी?"

"हो ताई. बसा. आधी चहा घ्या, मग सामान बघू."

त्यांचं नाव इंदू टेंभेकर. मी आडनाव ऐकलं आणि मला काहीही आठवलं नाही, हे शपथेवर सांगतो. त्यांनी पिशवीतून नवऱ्याचा लॅमिनेट केलेला फोटो काढला. पाच वर्षांपूर्वी सकाळी सायकलचं पंक्चर काढायला म्हणून घराबाहेर पडले होते. सायकल स्टेशनच्या स्टँडवर सापडली, पंक्चर काढलेली. माणूस नाही. शेगाव, नाशिक, पंढरपूर, सगळं पालथं घालून झालं होतं. आता काशी, कारण पूर्वी यात्रेला आले होते तेव्हा इथून परत जाताना ते गाडीत म्हणाले होते, इथंच राहावंसं वाटतं.

"तवा आम्ही तुमच्याच इथं उतरलो होतो. एवढीशी खोली होती. हे परत आलते काय इकडे?"

"नाही हो ताई. आले असते तर मराठी माणूस मला लक्षात राहिला असता."

"मी वह्या बघू काय?"

दुपार होती, मला काम नव्हतं, बाई मराठी होत्या. मी सहा-सात वर्षांची रजिस्टरं काढून दिली. त्या काउंटरपाशी स्टुलावर बसून एकेक ओळीवरून बोट फिरवत राहिल्या. दोन तास. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मग ते बोट थांबलं.  त्यांनी त्या पानावर तळहात ठेवला आणि मग हळूच त्या हातावर डोकं टेकलं.

"आलते," त्या म्हणाल्या. "मागच्या साली आलते. ही त्यांचीच सही. ही दोन टिंबं त्यांचीच."

तेव्हा मला आठवलं.  त्या क्षणी सांगायला हवं होतं, दोन वाक्यांचं काम होतं. ताई, ही सही मी केली. ताई, माफ करा. पण माझ्या डोक्यात आधी पोलीस आले, मग मालक आले, आणि ते दोघं निघून जाईपर्यंत ताईंनी डोकं वर उचललं होतं. पाच वर्षांनी त्या बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला होता. 

"तुम्ही पाहिलं असंल ना त्यांना? वाळले होते काय?"

"आत्ता आठवतंय. थोडे," मी म्हणालो. मास्टरजी माझ्या डोळ्यांसमोर होते. "दाढी वाढली होती."

"जेवत होते?"

"फार नाही. घाटावर बसायचे. शांत होते एकदम. एक उशी जादा मागून घेतली होती."

ताईंनी तोंडावर पदर धरला. "दोन उश्याच लागतात त्यांना. लग्न झाल्यापासून. मी त्यांना हसायची."

मी खोटं असं काहीच सांगितलं नव्हतं, फक्त माणूस दुसरा होता. पण त्या उशीने माझं तोंड कायमचं शिवून टाकलं.

त्यानंतर त्या दर माघात येत राहिल्या. कोरोनाचं एक वर्ष सोडलं तर एकही खाडा नाही. चार दिवस राहायच्या, सात नंबरमध्येच. मी चार नंबर देऊ केला, तिथे निदान खिडकीतून आभाळ दिसतं. नको म्हणायच्या. दिवसभर घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं पालथी घालायच्या, फोटो दाखवायच्या आणि संध्याकाळी काउंटरपाशी स्टुलावर येऊन बसायच्या. माझ्यासाठी तिळाची चटणी आणायच्या, वैदेहीला भिंगऱ्या, छोटी पोळपाटं, बाहुल्या, काय काय. आणि मग एकदा तरी विचारायच्या, "भाऊ, त्या वेळचं सांगा ना." मी सांगायचो. दर वर्षी तेच सांगून कसं चालेल, म्हणून मास्टरजींची एखादी नवी आठवण काढून द्यायचो. चहा बशीत ओतून प्यायचे. जाताना चादरीची घडी घातली. त्या ऐकताना मान डोलवायच्या. घरी जाऊन मी बायकोवर चिडायचो. अन्नपूर्णा म्हणायची, "सांगून का नाही टाकत एकदाचं?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तिला एवढंच माहीत होतं की काहीतरी सांगायचं आहे.

गेल्या माघात त्या आल्या तेव्हा बरोबर मुलगा होता. कुणाल, अठ्ठावीस वर्षांचा, पुण्यात कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर. बाप गेला तेव्हा दहावीत होता. त्याच्या हातात सुतळीने बांधलेलं पोतं होतं. मी सामान समजून उचलायला गेलो तर ते अगदीच हलकं. वरून पानं दिसत होती.

"पळसाची आहेत," ताई म्हणाल्या. "तीनशे साठ. झाडं झडायच्या आत, दिवाळीनंतर यानंच तोडून ठेवली."

मला कळलं. आमच्या घाटांवर वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बेपत्ता माणसाची बारा वर्षं काहीच खबर आली नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात आणि मग त्याचे दिवस घालतात. पालाशविधी. गेलेला माणूस त्याने सुटतो म्हणतात, आणि मागे राहिलेलीही. टेंभेकरांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

"हा म्हणतो करून टाकू," ताई खाली बघत म्हणाल्या. "मला काही सुचत नाही, भाऊ. जिता माणूस असला तर त्याचं असं करणं म्हणजे मारणंच ना."

 कुणाल सात नंबरच्या दारात उभा राहून आत बघत होता. साडेसहा फूट बाय पाच फूट. आईने एवढी वर्षं येऊन मुक्काम केलेली जागा तो पहिल्यांदा बघत होता. पोतं आत मावेना, ते पॅसेजमध्ये राहिलं. मी दुसरी उशी नेऊन दिली, ती ताईंना दर वर्षी लागायची. त्या उशीवर त्या झोपायच्या नाहीत, शेजारी ठेवायच्या.

दुसऱ्या दिवशी दोघं ढुंढिराज गुरुजींकडे गेले. गुरुजी आमच्याच गल्लीतले, मणिकर्णिकेला बरेच विधी तेच करतात. मीच नाव सुचवलं होतं. तासाभरात परत आले, ताई पुढे, कुणाल दहा पावलं मागे. ताईंच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता आणि मुलाचा चेहरा दगड झाला होता. त्या खोलीत गेल्या. तो काउंटरशी थांबला.

"काका, गुरुजी नाही म्हणाले."

"का?"

"त्यांनी विचारलं, शेवटची खबर कधीची. आईने सांगितलं, नऊ वर्षांपूर्वी तुमच्या लॉजवर होते. गुरुजी म्हणाले, मग बारा वर्षं तिथून मोजायची. अजून तीन वर्षं थांबा." तो हसला, तसलं हसू मला कोणाच्याही तोंडावर बघायला नको. "एक विचारू? बाबा शुद्धीवर होते ना? डोकं वगैरे ठीक होतं?"

"हो, म्हणजे..."

"म्हणजे आम्ही कुठे राहतो ते त्यांना ठाऊक होतं." त्याने काउंटरवरचं पेन उचललं, परत ठेवलं. "ती सायकल माझी होती. पंक्चर काढून आण म्हणाले, मी नाही म्हटलं, पेपर आहे. म्हणून ते गेले. पाच वर्षं मी रोज रात्री हेच घोकत झोपलो, काका, की माझ्यामुळे गेले, कुठेतरी गाडीखाली आले असतील. मग आई इथून आली, म्हणाली, बाबा काशीला आहेत, लॉजवर राहिले, दोन उश्या घेऊन झोपले. त्या दिवसापासून मी त्यांचं नाव टाकलं. मेले असते तर मी रडलो असतो. जगून न येणाऱ्या बापाचं काय करायचं असतं?"

 इतकी वर्षं मी ताईंचाच विचार करत होतो. वाटायचं, निदान त्यांना एक आशा तरी दिली. या पोराचा बाप मी खाऊन टाकला होता, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पोलीस, मालक, सगळे माझ्या डोक्यातून एकदम बाहेर गेले. मी कपाटातून ते जुनं रजिस्टर काढलं, ओळखपत्रांची फाइल काढली आणि म्हणालो, "चल."

सात नंबरमध्ये तीन माणसं उभी राहू शकत नाहीत. ताई कॉटवर होत्या, मी दाराच्या फटीत, कुणाल माझ्यामागे पॅसेजमध्ये, पानांच्या पोत्याला पाय लावून.

"ताई," मी म्हणालो, "ते आले नव्हते."

"कोण?"

"रत्नाकरराव. नऊ वर्षांपूर्वी इथे आमच्या मोहल्ल्यातले एक मास्टरजी राहिले होते. लोकल माणूस, त्यांचं नाव लिहिता येत नव्हतं. मी तुमच्या जुन्या यात्रेची झेरॉक्स काढली आणि हे नाव लिहिलं. सहीपण मीच केली. तुम्हाला सांगितलं ते सगळं त्या मास्टरजींचं होतं. दाढी, घाट, बशीतला चहा, सगळं."

ताई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी रजिस्टरातून एक कोरं पान फाडलं, कॉटच्या कडेला टेकवलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. रत्नाकर टेंभेकर, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. हात विसरला नव्हता. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, शेजारी रजिस्टरातलं पान उघडून ठेवलं.  माझ्यामागे कुणाल पॅसेजमध्ये खालीच बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हमसून हमसून रडायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, पण रडणं दहावीतल्या मुलाचं होतं.

ताईंनी दोन्ही सह्या पाहिल्या.  मग कागदाची नीट घडी केली आणि मला परत दिली.

"सही काय, कोणालाही करता येते हो," त्या म्हणाल्या. "उशीचं कसं?"

"ताई, मास्टरजींना दम लागायचा, म्हणून त्यांनी..."

"मी तर तवा तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. तुम्हीच म्हणाले, जादा उशी मागितली. न बघता कसं कळलं तुम्हाला?"

"योगायोग होता, ताई. खरंच सांगतो."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला यानं सांगितलं ना असं बोलायला? की गुरुजींनी? मला कळतं, भाऊ. तुम्हाला वाटते, या बाईनं किती फिरावं, हिला एकदाची मोकळी करा. तुमचं मन चांगलं आहे. पण काशीत बसून खोटं नका बोलू. माझ्यासाठी तर नकाच बोलू."

 आठ वर्षं मी खोटं बोललो ते त्यांनी देवाच्या शब्दासारखं धरलं. खरं बोललो तो एकच दिवस आणि त्यांना तेवढंच खोटं वाटलं. मी पुन्हा सांगितलं, मास्टरजींच्या घरी चला म्हणालो, पण त्यांच्या मुलांनाही बाप त्या दोन दिवसांत कुठे होता ते ठाऊक नव्हतं. ताई फक्त मान हलवत राहिल्या. शेवटी त्यांनी दार लावून घेतलं.

विधी दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. गुरुजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही, त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मग त्यांनी मुलाला विचारलं, "शेवटची खबर?" कुणाल म्हणाला, "तेरा वर्षांपूर्वी. मूर्तिजापूर स्टेशन." मणिकर्णिकेला बाकीच्या चिता जळत होत्या, त्यांच्या कडेला थोडी जागा मिळाली. पानांचा माणूस अंगाने बारीकच झाला. वाळलेली पानं, जळून जायला वेळ लागला नाही. कुणाल हात जोडून उभा होता आणि पुटपुटत होता. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, बाबा, सायकल मी न्यायला पाहिजे होती. न्हाव्याने त्याचं डोकं भादरलं. पायऱ्या चढताना तो मला एवढंच म्हणाला, "काका, फार उशीर केलात तुम्ही."

आम्ही लॉजवर आलो तेव्हा सात नंबरचं दार उघडं होतं. ताई कॉटवर बसल्या होत्या. न्हाऊन, नवं लुगडं नेसून, रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावून. शेजारी दोन उश्या एकावर एक. त्यांनी मुलाच्या गोट्याकडे पाहिलं.

"कोणाचं केलंस?"

"बाबांचं."

"तुझे बाबा जिते आहेत. त्यांना जितेपणी जाळलंस तू?"

"आई, काकांनी सांगितलं ना काल. चल घरी. दिवस घालायचेत, तू बरोबर हवीस."

"मला हात लावू नको."

त्याला आत जायचं होतं. पण त्या खोलीत आधी कोणी कॉटवर बसलेलं असलं आणि ते सरकलं नाही, तर दुसऱ्याला शिरताच येत नाही. ताई सरकल्या नाहीत.  मग त्याने पॅसेजमधून आपली बॅग उचलली, आईचं परतीचं तिकीट दाराशी ठेवलं आणि पायऱ्या उतरून गेला. रिकामं पोतं तिथेच पडून राहिलं. मी ते घडी करून अडगळीत ठेवलं.

या माघात मला वाटलं होतं, त्या येणार नाहीत. खरं सांगायचं तर मी तसा नवसच बोललो होतो. पण परवा दुपारी पायरीवर त्याच चपला वाजल्या. केस पार पांढरे झालेत. कुंकू तसंच. तिळाची चटणीही आणली होती.

"कुणाल कसा आहे?" मी विचारलं.

"माहीत नाही जी. फोन नाही करत. मीही नाही करत."

म्हणजे आता त्या घरातली दोन माणसं बेपत्ता झाली होती आणि दोन्ही माझ्या काउंटरवरून. मी रजिस्टर पुढे केलं. त्यांनी नाव लिहिलं आणि मग नेहमीसारखी जुनी वही मागितली. मी ती जाळून टाकणार होतो, तीनदा ठरवलं होतं. जमलं नाही. त्या पानावरून त्यांनी बोट फिरवलं.

"या साली आलते काय?"

"नाही, ताई." एवढं एक खरं त्या माझ्याकडून ऐकून घेतात.

"येतील. गुरुजींच्या हिशोबानं बारा व्हायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर येतील." त्यांनी पिशवी उचलली. सात नंबरपाशी जाऊन आधी स्वतः आत शिरल्या, कॉटवर बसल्या, मग पिशवी ओढून घेतली. दार लावता लावता थांबल्या. "भाऊ, दुसरी उशी राहिली."

मी कपाटातून उशी काढली, अभ्रा बदलला आणि नेऊन दिली.